दाराची कापाकापी

सामान भरलेला टेम्पो फाटकात उभा होता. संध्याकाळपर्यंत डिपॉझिट हातात आलं नाही, तर नर्सबाईंना नव्या खोलीची किल्ली मिळणार नव्हती.

“अख्खं डिपॉझिट कापलंय, वहिनी! एका दारासाठी!” भावोजी म्हणाले. खासगी गुप्तहेर असलेल्या वहिनींचे ते धाकटे दीर आणि मदतनीस. मदत बहुधा वहिनीच करत.

घरमालकाने आतल्या खोलीचं दार दाखवलं. आतल्या बाजूने, छातीच्या उंचीपासून खाली, चार-चार ओरखडे जोडीने उतरले होते. दारासारखेच, प्रत्येक खाचेच्या तळापर्यंत पांढरेशुभ्र.

“यांचा कुत्रा!” मालक म्हणाला. “मी नियमाने चालणारा माणूस आहे.”

कुत्रा टेम्पोत, बुटांच्या खोक्यात झोपला होता. खोकं त्याला सैल होत होतं.

“मी आले तेव्हाच होते हो ओरखडे,” नर्सबाई म्हणाल्या. “लिहून घ्यायचं राहिलं. दाराला आतून कडीसुद्धा नाही. कपडे बदलताना खुर्ची लावायचे.”

कडी होती, पण बाहेरून, चांगली मनगटाएवढी.

“रंग कधी दिला?” वहिनींनी मालकाला विचारलं.

“या येण्याआधी. त्यानंतर दाराला ब्रश लागलेला नाही.”

“आधी कोण राहायचं?”

“आमची आत्या. गेली मुलाकडे.”

वहिनींनी रंगाऱ्याला फोन लावला. “घासून देतो म्हटलं,” तो म्हणाला, “तर मालक म्हणाले, खर्च नको, वरून एक हात मार.”

वहिनींनी फोन ठेवला.

“भावोजी, रंगवलेलं दार ओरबाडलं तर आत काय दिसतं?”

“लाकूड.”

“इथे आतही रंग आहे. म्हणजे आधी ओरखडे, मग रंग, मग नर्सबाई. आणि छातीपर्यंत पोचायला त्या कुत्र्याला शिडी लागेल.”

“मग ओरबाडलं कुणी?”

“जिच्यासाठी कडी बाहेरून बसवली, तिने. नखांनी.”

मालकाने घाईघाईने नोटा काढून नर्सबाईंच्या हातात कोंबल्या. “पूर्ण डिपॉझिट! मिटलं ना?”

“मिटलेलंच होतं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही दाराचे पैसे मागितले नसते, तर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.”

नर्सबाईंनी नोटा पर्समध्ये ठेवल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आत्याबाईंच्या मुलाचा नंबर द्या,” त्या म्हणाल्या. “मला आत्याबाईंशीच बोलायचंय. आत्ता.”

मालक मोबाइल चाळू लागला. चाळतच राहिला.

भावोजी कुणी न सांगताच घराच्या मुख्य दरवाजात जाऊन उभे राहिले.