चार दशांशाची शिम

त्या गुरुवारी मी गाळ्यावर गेलो तो केवळ सोपानरावांनी तगादा लावला म्हणून. गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. एरवी शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या दुपारी मात्र प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर सगळे गप्प होते आणि मला माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटत होता.

चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, होतो. नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि जुने कॅमेरे दुरुस्त करायला लागलो. मी मापाचा माणूस. अंदाजपंचे काम करणाऱ्यांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

सोपानराव मोशीचे. त्यांच्या वडिलांनी देहूरोडच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला होता, फिल्मचा, हातात घेतला की वजन कळणारा. त्याला रुंद लेन्स लावली की कॅमेऱ्यातल्या खिडकीतून पूर्ण दृश्य दिसत नाही. म्हणून डोक्यावरच्या खाचेत वेगळा छोटा व्ह्यूफाइंडर सरकवायचा. त्या फाइंडरचा पाय खाचेत डुलत होता.

"निरंजनराव, रविवारी नातीचं बारसं हाय," सोपानराव म्हणाले होते. "आमच्या बापाच्याच कॅमेऱ्यानं फोटू काढायचाय. तेवढं घट्ट बसवून द्या."

पाय घट्ट करायचा म्हणजे त्याच्याखाली पातळ पितळी पत्र्याचा तुकडा घालायचा. त्याला आम्ही शिम म्हणतो. मी फट मोजली. चार दशांश मिलिमीटर. तीनची शिम होती, पाचची होती. दुकानं बंद. चारची एकच होती, आणि ती कुठे आहे हे मला नऊ वर्षं पक्कं ठाऊक होतं. खालच्या ड्रॉवरमध्ये, बिस्किटांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली.

ती शिम कंपनीतली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. म्हणजे हात आत सापडत नाहीत. पण त्यात वेळ जातो. म्हणून सेटर एक बटण दाबून त्याच्या फटीत शिम ठासतो. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं माल आत. सगळेच करायचे. मीही केलं. त्या मशीनवर धम्मरत्न होता, देहूरोडचा, शांत पोरगा. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं हात पुढे करून विचारलं, "भाऊ, शिम काढून देता का? भीती वाटतेय."

मी म्हणालो, "शिफ्ट संपल्यावर काढू."

साडेतीनला त्याचा डावा हात गेला. तिसऱ्या दिवशी धम्मरत्नही गेला. लोक जमायच्या आत मी शिम काढून खिशात घातली होती. चौकशीत ठरलं की त्यानं एक बटण कोपरानं दाबलं, चूक त्याचीच. मी तिथेच बसलो होतो. मी काही बोललो नाही. ती शिम मला टाकताही आली नाही.

त्या गुरुवारी मी तिचा कोपरा कापला. का? वेळेत काम व्हावं म्हणून. तेव्हाही कारण हेच होतं.

कडा कानसीनं घासल्या. घासलं की पितळ तापतं. गरम तुकडा मी फाइंडरच्या पायाखाली सरकवला. इतका नेमका बसला की मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

मग तपासणी. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, फिल्मच्या जागी बटरपेपर चिकटवायचा, शटर उघडं ठेवायचं. लेन्सला जे दिसतं ते कागदावर उलटं उमटतं. तेच फाइंडरमध्ये दिसायला हवं. मी कॅमेरा दाराबाहेरच्या मोकळ्या आवाराकडे रोखला. कागदावर गेट, पाण्याची टाकी, समोरच्या गाळ्याचं बंद शटर. उलटं, पण सगळं जागच्या जागी.

मग फाइंडरला डोळा लावला.

गेट. टाकी. बंद शटर. आणि शटरसमोर निळ्या युनिफॉर्ममधला एक माणूस.

मी डोळा काढला. आवार रिकामं. कागदावर बघितलं, रिकामं. पुन्हा फाइंडरमध्ये पाहिलं... तो होता. उजवा हात पुढे, तळवा वर. डावी बाही नुसतीच लोंबत होती. बंद गाळ्यांतून कुठूनतरी कूलंटचा, मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा, आंबूस वास आला आणि पायाखालची फरशी एकदाच हादरली. प्रेस खाली आल्यासारखी... पण लाइट तर सकाळपासून नव्हती.

पाच वाजता सोपानराव आले. मी काही बोललो नाही, ही माझी जुनी सवय. त्यांनी फाइंडर हलवून पाहिला, खूश झाले, डोळा लावला.

"व्वा, लई झ्याक बसलाय." मग थांबले. "त्यो कोन हुभा हाय वो तिथं?"

"कुठं?"

"शटरपाशी. काय मागतोय जणू... तुमचा कामगार हाय का?"

"होय," मी म्हणालो. नऊ वर्षांत त्याच्याबद्दल बोललेला तो माझा पहिला खरा शब्द.

ते कॅमेरा घेऊन मोशीला गेले. मी उरलेली शिम खिशात घातली आणि देहूरोडला गेलो. धम्मरत्नची बायको रंभा अजून त्यांच्या जुन्याच खोलीत राहत होती. दिवसभराचं काम आटोपून ती नुकतीच आली होती. मी शिम तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं हात पुढे केला होता, तेही.



"लोकं म्हणतेत, तुझा नवरा निष्काळजी व्हता," ती म्हणाली. "पोरगी शाळेत हेच ऐकून मोठी झाली, साहेब. मला नुसतं सांगू नका. लिहून द्या."

तिनं वही आणि पेन पुढे केलं. मी पेन घेतलं, पण हात चालेना. नोकरी तर केव्हाच सोडलेली होती. तरी भीती होती. काय लिहू? मीच, असं?

तिनं शिम उचलून उजेडात धरली. "हिचा कोपरा कुठंय?"

"कापला. एका कामाला वापरला."

ती उठली. बुद्धाच्या मूर्तीशेजारी धम्मरत्नचा फोटो होता. त्याच्यापुढून तिनं काहीतरी उचललं आणि शिमच्या कापल्या कडेला लावलं. बरोबर बसलं. माझ्या कानसीचे ओरखडे मला ओळखू आले.

"घरी येऊन दिवा लावाया गेले तवा दिसलं," ती म्हणाली. "काय हाय, कळलंच नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोपानराव होते.

"निरंजनराव, घरी येऊन बघतोय तर फाइंडर परत डुलतोय वो! खाली घातलेलं काय बी न्हाई..."

मी फोन ठेवला. रंभानं तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो गरम होता, आत्ता घासल्यासारखा.

मी वही पुढे ओढली आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. तुकडा धरलेली डावी मूठ मिटलेलीच होती. पान भरलं, तरी तुकडा निवला नव्हता.