निळ्या कागदाची साक्ष

"कुणी शिंकलात तर याद राखा," बारकी म्हणाली आणि तिनं चिमट्याच्या टोकावरचं एसीचं यंत्र हळूच इमारतीच्या गच्चीवर टेकवलं.

यंत्र कसलं, मसुरीच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. अशी सहा यंत्रं एका ओळीत बसवायची होती. शिवाय पाण्याची टाकी, अँटेना आणि वाळत घातलेली कागदाची चादर.

"मी पाच मिनिटं शिंक धरून बसलोय," पोपट कुरकुरला. तो बारकीचा मामेभाऊ. त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसे, म्हणून तो पोपट.

"शिंक धरून ठेवली तर ती जाते कुठं?" शेजारच्या मुलीनं विचारलं. तिला सगळे शंका म्हणत. का, ते सांगायला नकोच.

सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्येच होता. तिथं 'छोटी रेल्वे मंडळ' एक जपानी शहर उभारत होतं, खऱ्यापेक्षा दीडशे पट लहान. दाटीवाटीनं उभ्या चिंचोळ्या इमारती, विजेच्या तारांचं जंजाळ, प्रत्येक मजल्यावरून रस्त्यात डोकावणाऱ्या उभ्या पाट्या आणि या सगळ्याच्या वरून, खांबांवर बांधलेल्या पुलावरून धावणारी आगगाडी. रविवारी सकाळी दहाला प्रदर्शन उघडणार होतं. आज शुक्रवार होता.

इमारतींना जिवंत करायचं काम मुलांकडे होतं. नवी कोरी इमारत खेळण्यासारखी दिसते. पाइपाखाली गंजाचा ओघळ काढला, भिंतीच्या बुडाशी पातळ काळ्या रंगाचा मळ फिरवला, बाल्कनीत एक झाडू उभा केला की मग वाटतं, इथं माणसं राहतात. हे सगळं बारकीला आजोबांनी शिकवलं होतं. आजोबांनी चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. त्यांच्या हत्यारांची पेटी आता या शहराच्या कामी आली होती आणि पुलाचं मोठं वळण त्यांनीच एकहाती बसवलं होतं.

"गाडी सोडतोय!" पलीकडून मंडळाच्या सेक्रेटरीकाकांचा आवाज आला.

पाच लांब डब्यांची गाडी झुळझुळत निघाली, स्टेशन ओलांडून वळणावर शिरली आणि चौथा डबा रूळ सोडून खालच्या रस्त्यावर आदळला. दोन सायकलवाले आणि एक कुत्रा आडवे झाले.

"सकाळपासून सहाव्यांदा," सेक्रेटरीकाका म्हणाले. ते आले, वळणाकडे बघून त्यांनी मान हलवली आणि मग आजोबांकडे वळले. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण वय होतं माणसाचं. हात पूर्वीसारखा राहत नाही. उद्या सकाळी हे वळण उखडतो आणि नवीन बसवतो. तुम्ही आता आराम करा."

आजोबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते. गेलं वर्षभर थरथरतच होते, चहाचा कप धरताना घरातल्या सगळ्यांना ते दिसायचं.

"बरोबर आहे तुमचं," आजोबा म्हणाले. त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली आणि बारकीपुढे सरकवली. "चिमटाही तुझ्याकडेच ठेव. आता हे सगळं तुझं."

तो चिमटा आपला व्हावा असं बारकीला कितीतरी दिवस वाटत होतं. आज तो मिळाला आणि तिला रडूच फुटायला आलं. आजोबा काठी घेऊन जिना उतरले. जाताना त्यांनी शहराकडे वळूनही पाहिलं नाही.

"हे काही बरोबर नाही," पोपट म्हणाला.

शंका मात्र पुलाकडे टक लावून बघत होती. "मला एक सांगा. वळण बसवलं कधी?"

"आठ दिवस झाले," बारकी म्हणाली.

"आणि गाडी पडायला लागली कधी?"

"आज सकाळी. काल संध्याकाळपर्यंत तर…" बारकी थांबली. काल संध्याकाळपर्यंत गाडी एकदाही पडली नव्हती.

"मग आजोबांचा हात आठ दिवसांपूर्वीच्या वळणावर आज सकाळी कसा काय थरथरला?" शंकानं विचारलं.

तिघं कामाला लागले. गाडी पुन्हा तीन वेळा सोडली. जिथं डबा पडेल तिथं पोपट एक टाचणी टोचायचा. तीन टाचण्या तीन ठिकाणी! कधी तिसरा डबा पडला, कधी पाचवा. नुसतं छोटं इंजिन सोडलं तर ते वळण लीलया पार करायचं.

"रूळ वाकडा असता तर गाडी एकाच जागी पडली असती," बारकी म्हणाली. "डबा पडतोय इथं, पण त्याला धक्का बसतोय दुसरीकडेच. कुठं, ते कळायला हवं."

वळण हॉलच्या मागच्या कोपऱ्यात होतं. समोर उंच इमारतींची रांग, मागे भिंत. डोकं कितीही वाकडं केलं तरी तिथलं धड दिसेना. बारकीनं पेटी उघडली. करवत, कानशी, कोरणी… आणि तळाशी एका चपट्या डबीत निळे पातळ कागद.

हे कागद तिला चांगले ठाऊक होते. नवी कवळी टोचायला लागली की आजोबा हा कागद दातांमध्ये धरून चावायला सांगत. जो दात उंच असेल त्याला निळा डाग लागे. 'पेशंटला दुखतं एकीकडे आणि तो बोट ठेवतो दुसरीकडे,' असं ते म्हणायचे. 'त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, पण विश्वास कागदावर ठेवायचा.'

"गाडी आपली पेशंट," बारकी म्हणाली. "पोपट, चिकटपट्टी दे."

पाचही डब्यांच्या अंगाला निळा कागद चिकटवला. गाडी सुटली, वळली, पडली. आता जिथं निळा डाग असेल, तिथं चोर! शंका भिंग घेऊन एकेक इमारत तपासू लागली. बँक, कोरी. पुस्तकांचं दुकान, कोरं. आणि मग भिंग एका जागी थांबलं.

"काय झालं?" बारकीनं विचारलं.

शंकानं भिंग तिच्या हातात दिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

पुलाच्या आतल्या बाजूला एक पाच मजली चिंचोळी इमारत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरून एक उभी पाटी बाहेर आलेली. त्यावर जपानी अक्षरांत 'दातांचा दवाखाना' असं लिहिलेलं. पुस्तकातून ती अक्षरं बारकीनं स्वतः उतरवून काढली होती, आजोबांना गंमत म्हणून. त्या पाटीच्या कडेला ठसठशीत निळी रेघ उमटली होती.

लांब डबा वळणावर पोटाकडून आत झुकतो, पाटीला घासतो आणि पुढं जाऊन पडतो. पाटी लवचीक प्लास्टिकची. वाकते आणि पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. म्हणजे आजोबांच्या डोक्यावर फुटलेलं खापर तिचं होतं.

"कापून टाकूया," पोपट हळूच म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि मग उद्या गाडी नीट चालली की काका म्हणणार, बघा, वळण बदललं म्हणून चालली," बारकी म्हणाली. "नाही. मी सांगते, पाटी माझी आहे म्हणून."

"पण तू पाटी लावताना माप घेतलं नव्हतंस?" शंकाची शंका काही संपत नव्हती.

"घेतलं होतं! डब्याच्या आकाराचा पुठ्ठा कापून दिला होता ना आजोबांनी. तो फिरवून बघितला. पाटी आणि पुठ्ठा यांच्यात माझं नख जात होतं."

"मग आता का जात नाही?"

बारकीनं पुठ्ठा काढून पुलावर धरला. खरंच, नख सोडा, पुठ्ठाच पाटीला अडत होता. तिनं भिंग इमारतीच्या मागे नेलं, जिथं अरुंद गल्ली होती, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मळाचा काळा रंग तिनं इमारत जागेवर ठेवूनच बुडाशी, जमिनीवरसुद्धा फिरवला होता. तो मळ आता भिंतीला लागून नव्हता. मध्ये एक स्वच्छ, फिकट पट्टी होती. भिंतीवरची तसबीर हलवली की मागे डाग राहतो ना, अगदी तशी. आतले दिवे बदलता यावेत म्हणून इमारती चिकटवलेल्या नव्हत्या. कुणीतरी ही इमारत पुढं ढकलली होती. आणि फिकट पट्टीवर लाल-काळ्या वायरींचं एक जाडजूड भेंडोळं कोंबलेलं होतं.

तिघांनी वायर डोळ्यांनी पकडली आणि वर वर गेले. वायर शेजारच्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर पोचली. तिथं एक सुंदर, रंगीत, गोल फिरणारं पाळण्यांचं चाक होतं. काल संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर सेक्रेटरीकाकांनी बसवलेलं, त्यांचं अगदी लाडकं चाक.

बारकी धावतच त्यांच्याकडे गेली. "काका, ती दवाखान्याची इमारत…"

"बाळ, मोठी माणसं मोठ्या गाडीचं बघताहेत. तुम्ही एसी चिकटवा," काका म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलू लागले.

"ऐकत नाहीत," ती परत येऊन म्हणाली.

"ऐकतील कसे? त्यांच्या आवडीचं बोलायला हवं," पोपट म्हणाला आणि केस सारखे करून गेला. "काका, तुमच्या चाकाचा व्हिडिओ काढू का? आजवर इतकं छान चाक मी बघितलेलं नाही. पुढून पाच डब्यांची गाडी जातेय आणि मागे चाक फिरतंय. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवू."

काकांनी फोन लगेच ठेवला. "चांगली कल्पना आहे," ते म्हणाले आणि शर्टाची कॉलर नीट केली. चाकाच्या व्हिडिओला शर्टाची कॉलर कशाला लागते, हे विचारायला शंकानं तोंड उघडलं, पण पोपटानं तिला चिमटा काढला.

पोपटानं आईचा फोन पुलाच्या कडेला बरोबर दवाखान्यासमोर टेकवला. बारकीनं पाटीच्या कडेवर कोरा पांढरा कागद गुंडाळला आणि डब्यांवर नवा निळा कागद लावला. शंका धावत जाऊन आजोबांना घेऊन आली. ते यायला तयारच नव्हते. 'माझा चष्मा हॉलमध्येच राहिला का?' अशी शंका तिनं त्यांच्या मनात घातली, तेव्हा कुठं निघाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या, बाकीचे सभासद आले. चाक फिरू लागलं. काकांनी गाडी सोडली. गाडी वळली आणि तिसरा डबा धाडकन खाली आला.

"बघा!" काका म्हणाले. "वळणच वाकडं आहे."

"आता पडद्यावर बघू," पोपट म्हणाला. त्यानं व्हिडिओ अगदी हळू लावला.

पडद्यावर डबा घराएवढा मोठा दिसत होता. तो हळूहळू आत झुकला, पाटीला भिडला, पाटी धनुष्यासारखी वाकली, डब्याची दोन चाकं अलगद उचलली गेली. बारकीनं पाटीवरचा पांढरा कागद काढून वर धरला. त्यावर निळी रेघ होती.

"पाटी मी लावली आहे," ती म्हणाली. "चूक माझी असेल तर मला सांगा. पण आजोबांचं वळण सरळ आहे. म्हणजे, जसं वाकायला हवं तसंच वाकलंय. आणि ही इमारत मी ठेवली तिथं नाही."

तिनं मळाची फिकट पट्टी दाखवली, वायरींचं भेंडोळं दाखवलं. अध्यक्षबाईंनी भिंगातून बघितलं आणि सेक्रेटरीकाकांकडे वळल्या. काकांचे कान लाल झाले होते.

"वायरी लपवायला जागा नव्हती," ते म्हणाले. "मी थोडीशीच सरकवली. म्हटलं, दोन मिलिमीटरनं काय होतंय?"

"कवळी दोन मिलिमीटर चुकली तर माणूस उपाशी राहतो," आजोबा शांतपणे म्हणाले.

सगळे हसले. काकाही हसले, मग गंभीर होऊन पुढे आले. "काका, मी घाई केली. न तपासता तुमच्या हातांना दोष दिला. माफ करा." त्यांनी स्वतः टेबलाला भोक पाडून वायरी खाली सोडल्या. बारकीनं इमारत मळाच्या रेषेत परत बसवली. पाटी कापावी लागली नाही. गाडी बारा फेऱ्या फिरली आणि एकही सायकलवाला आडवा झाला नाही.

"इतकी वर्षं मी मंडळात आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण आज या तिघांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. टाचण्या काय, कागद काय! रविवारी पहिली गाडी हीच मुलं सोडतील."

पोपटानं लगेच भाषण सुरू केलं. बारकीचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. आजोबा वाकून दवाखान्याची पाटी वाचत होते. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ वाचत होते.

"काय लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. आजोबांनी नाक शिंकरलं, चष्मा पुसला आणि वळणाच्या टोकाकडे बोट दाखवलं. "तो पडलेला कुत्रा अजून कुणी उभा केला नाही. माझा चिमटा कुठंय?"

"माझा ना?" बारकी म्हणाली. "मघाशीच दिलात."

"उसना दिला होता. आण इकडे."

इतक्या आनंदानं तिनं आजवर कुणालाही काही परत दिलं नव्हतं. आजोबांचा हात थरथरत शहरावरून पुढे गेला. त्यांनी करंगळी पुलाच्या कठड्यावर टेकवली, हात स्थिर झाला आणि कुत्रा चार पायांवर उभा राहिला.