थोरलीच्या ओठातला गळ

“थोरली येना नाय गो,” सिद्धेश म्हणाला.

तन्वीने करवंटी पुन्हा दगडावर वाजवली. मे महिन्यात मामाकडे आलं की तिचं पहिलं काम हेच. देवाच्या कोंडावर, नदीच्या खोल डोहावर, करवंटी वाजवायची, भात टाकायचा, की नदीतले पाटाएवढे खडस मासे पायाशी येऊन तोंडं वासायचे. इथे गळ टाकायचा नाही, हा गावाचा नेम.

त्यांतली सगळ्यांत मोठी, थोरली, आली, पण कडेकडेने. तिच्या ओठात गळ रुतला होता, मागे तुटकी दोरी लोंबत होती.

तन्वी रडली नाही. “ज्येणी ह्या केल्यान, तेका मी सोडूचंय नाय.”

दुसऱ्या दिवशी गाव जेवून आडवं झालं, तेव्हा दोघं जांभळीआड लपली. लांबलचक गळकाठी घेऊन आला तो मामाच्या भाड्याच्या खोल्यांवर उतरलेला पाहुणा. आणि त्याच्यासाठी करवंटी वाजवत होता खुद्द बाबलीमामा, सिद्धेशचा बाप! सिद्धेश मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. बाप दिसला तरी त्याने मोबाइल खाली केला नाही.

व्हिडिओ लगेच दाखवला असता, तर मामा हात जोडून हसला असता आणि सगळ्यांना चहा पाजून मोकळा झाला असता. तन्वीला ते नको होतं. तिने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकर नानांना गाठलं, थोरलीची दशा सांगितली आणि संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात काय मागायचं तेही सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही.

देवळात सगळे जमले. नानांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या माशाक ज्येणी गळ लावूक दिल्यान, तेणी पावस पडासर कोंडार राखणेक बसाक होया रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं. सवयीने सगळ्यांत मोठा आवाज बाबलीमामाचा.

मग सिद्धेशने मोबाइल नानांच्या हातात दिला.

देवासमोर दिलेला होकार परत घेता येत नाही. पाऊस पडेपर्यंतची राखण मामाच्या वाट्याला आली. सकाळी चौघांनी थोरलीला अलगद जाळ्यात घेऊन गळ काढला. पाहुणा नांदगाव स्टेशनवरून मिळेल त्या गाडीने गेला. त्याची गळकाठी देवळातच राहिली.

“गाऱ्हाणा मी घातलंय,” नाना सगळ्यांदेखत तन्वीला म्हणाले, “पण न्याय तिया केलंस गो.”

दुपारी तापल्या खडकावर राखणीला बसलेल्या मामाला तन्वीने डबा नेऊन दिला. तिचं जानकीमामीशी आधीच बोलणं झालं होतं. मामाने झाकण काढलं. भात, सोलकढी, लोणचं.

“गो, बांगडो खंय?”

“पावस पडासर नाय,” तन्वी म्हणाली आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली.