सफाई केलेली कविता

दालनातले दिवे मालवले होते. मधोमध काचेची टाकी, टाकीवर पितळी पाटी: ‘कवी व निर्माते, डॉ. विश्वंभर गुर्जर’. खांबाआड उभ्या हेमांगी केरकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कवी म्हणे! कविता तिची होती, आणि तीही तिच्या आईवरची. खाडीत तिसऱ्यांचे शिंपले वेचणारी आई आणि तिच्या पोटऱ्यांभोवती चमकणारं पाणी. तीन वर्षं खपून हेमांगीने त्या चार ओळी अंधारात उजळणाऱ्या दीपजिवाणूंच्या जनुकांत लिहिल्या. संशोधन केंद्राचे संचालक गुर्जर यांनी तिला प्रकल्पातून काढलं आणि कविता तेवढी ठेवून घेतली.

“डोळ्यांना सरावायला वीस मिनिटं लागतील,” शेजारी उभ्या नेत्रतज्ज्ञ तबस्सुम दलवाई म्हणाल्या. “पण पाण्यात कविता असते कुठे हो?”

“प्रत्येक ओळीचं एक प्रकाशप्रथिन, एक रंग,” हेमांगी हळूच म्हणाली. “जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी लिहितात. प्रथिनाचा एकच घटक बहुधा दोन-चार निराळ्या गटांनी लिहिता येतो. मी कुठला गट निवडला, त्यात माझे शब्द आहेत. काही गट पेशी भराभर वाचते. काही विरळ असतात, तिथे ती अडखळते. कविता म्हणताना जिथे थांबायचं, तिथे मी विरळ गट घातले. त्या थांब्यात प्रथिनाला नीट घडी पडते.”

“आणि थांबे काढले तर?”

“घडी चुकते. प्रथिन तयार होतं, पण उजळत नाही.”

“हे गुर्जरांना ठाऊक आहे?”

“थांब्यांचं ते कशाला विचारतील? इथे जनुक टाकीत जाण्याआधी त्याची सफाई होते. विरळ गट काढायचे, सरावाचे घालायचे, म्हणजे उत्पादन वाढतं. नियमच आहे त्यांचा. शिवाय त्यात माझं लिखाणही पुसलं जाणार, मग काय हवं! ‘सफाई केली तर चालेल ना?’ म्हणाले. मी म्हटलं, खुशाल करा, सर.” हे सांगताना तिला फार बरं वाटलं. माझ्या मूळ जिवाणूंच्या बरण्या त्यांनी उकळून टाकल्या, नोंदी पुसल्या, तेव्हाही मी तोंडातून ब्र काढला नाही, असंही तिने सांगितलं.

चाचणी घ्यायला गुर्जरांना उसंत नव्हती, पाहुण्यांची तारीख ठरली होती. जिवाणूंना जागं करणारी साखर त्यांनी टाळ्यांच्या गजरात टाकीत ओतली आणि आईची कविता एका दमात म्हणून टाकली. कुठे थांबायचं याचा पत्ता नाही. हेमांगीने दातओठ खाल्ले.

वीस मिनिटं गेली, मग चाळीस. टाकी काळी ती काळीच.

“अहो, बटण दाबायचं राहिलं काय?” मागून कोणीतरी ओरडलं. सगळं दालन खिदळलं. चाचपडत गुर्जर खांबापाशी आले.

“हेमांगी, अगं काय केलंस तू?”

“मी? हात तरी लावू दिलात का?”

“गटांचा मूळ क्रम सांग. पाया पडतो तुझ्या.”

“आईची कविता मला पाठ आहे, सर, थांब्यांसकट. मी ती पुन्हा लिहीन. दुसरीकडे.”

“आत्ता तुझं नाव जाहीर करतो! पाटी बदलतो, पहिलं नाव तुझं!” त्यांचा आवाज चिरकला.

तिला याच शब्दांची तीन वर्षं भूक होती. तिने पदर सारखा केला.

“छे, पाटी बरोबर आहे. उजेड मी लिहिला होता, सर. टाकीत आहे तो अंधार तुम्ही लिहिलाय.”