कोपऱ्यातल्या काउंटरवरची बाई

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. जागृती माझी मामेबहीण. जुन्नरच्या बाजारपेठेत तिच्या सासरचं कापडाचं दुकान आहे. भुताखेतांच्या गोष्टींना ती पहिल्यापासून हसणारी.

या गोष्टीला मात्र हसत नाही.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. जागृती आणि तिचा नवरा कल्पेश व्हिएतनामला निघाले होते. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. घरी सासूबाई धापूबाई आणि नणंद रिंकू. निघताना धापूबाई ठणठणीत होत्या.

मुंबईच्या विमानतळावर सगळे सोपस्कार उरकले आणि कळलं, विमान उशिरा सुटणार.

आता प्रश्न जेवणाचा. घर जैन. सूर्य मावळला की जागृती पाणीसुद्धा घेत नाही. खाकरे, ठेपले सगळं मोठ्या बॅगेत, आणि बॅग केव्हाच आत गेलेली. काचेबाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

कल्पेश म्हणाला, आठवडाभर तिकडचंच खायचंय, तर सवय इथूनच करू.

तिकडच्या पदार्थांचे तीन काउंटर होते. पहिल्यावर नूडल्स. जागृतीने खोदून विचारलं तर सॉसमध्ये मासळी निघाली. दुसऱ्यावर मोमो. भाजीचे होते, पण सगळे मोमो वाफवायचं भांडं एकच.

तिसरा काउंटर अगदी कोपऱ्यात...

तिथे गर्दी नव्हती. खरं तर गिऱ्हाईकच नव्हतं. काळा एप्रन घातलेली एक बाई तेवढी उभी. पन्नाशीची असेल. कपाळावर हिरवं गोंदण.

"या पावणं," ती म्हणाली. "थाई भाजी-भात हाये. कांदा-लसूण न्हाई, बटाटा न्हाई. तुमच्यासाठीच केलाय."

मुंबईत आपल्याकडची बोली ऐकून कल्पेश खूश झाला. त्याने गाव विचारलं. डिंगोऱ्याची, म्हणाली. नाव रतनबाई. डिंगोरे म्हणजे शेजारचंच की, म्हणत तो बसलाही.

जागृती उभीच राहिली.

आपण जैन आहोत हे हिला कोणी सांगितलं?

रतनबाईने दोन वाडगे पुढे ठेवले. नारळाच्या दुधातली भाजी, शेजारी भात. वाफा निघत होत्या...

पण वास येत नव्हता.

जागृतीने वाकून पाहिलं. भाजीत गवती चहाच्या काड्या तरंगत होत्या. वास मात्र कशाचाच नाही. बाईच्या मागे शेगडी नव्हती. कढई नव्हती. मग हे गरम झालं कुठे?

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

समोरून माणसं जात होती. त्यांची तोंडं हलत होती. बॅगांची चाकं फिरत होती. आवाज कशालाच नव्हता.

एकच आवाज येत होता, काउंटरमागच्या भिंतीतून. घुंगरांचा. मेंढरं चरत पुढे सरकतात तेव्हा येतो तसा. रेंगाळत... जवळ येणारा.

"आम्ही जैन आहोत हे तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"तुमच्या सासूबाईंनी सांगितलं," बाई म्हणाली. "जेवा बघू. दिस बुडायला आलाय, मला माघारी जायचंय."

जागृतीने फोन काढला आणि काचेकडे चालू लागली. काउंटरपासून थोडी लांब गेली, तसा सगळा गोंगाट एकदम कानावर आदळला.

फोन रिंकूने उचलला. आवाज रडवेला. दुपारी मम्मीला चक्कर आली, डॉक्टर येऊन गेले, तुम्हाला घोर नको म्हणून कळवलं नाही, असं ती सांगत होती. मग थांबली.

"वहिनी, मम्मी तेव्हा दाराकडे बघून कोणाशी तरी बोलत होती. दारात कोणीच नव्हतं. सारखं एकच म्हणत होती... माझी पोरं उपाशी आहेत, ती जेवल्याशिवाय मी येणार नाही."



जागृतीने वळून पाहिलं तर कल्पेश वाडग्यावर वाकलेला. एसटीची वाट बघणारं माणूस रस्त्याकडे बघतं, तशी ती बाई त्याच्याकडे बघत होती.

जागृती धावली. त्याच्या हातातला चमचा तिने हिसकावला, भात सांडला. कल्पेश चिडला, चारचौघांत हे काय चालवलंयस म्हणाला. तिने ऐकलं नाही. दंड धरून त्याला काचेपर्यंत ओढत आणलं.

बाहेर सूर्य बुडाला.

मागे पाहिलं तेव्हा कोपऱ्यात नुसतं शटर होतं. खाली ओढलेलं. मोमोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की तो गाळा अजून कोणी घेतलेलाच नाही.

विमान सोडलं. बॅग परत मिळेपर्यंत मध्यरात्र उलटली. दोघं जुन्नरला पोहोचेपर्यंत उजाडलं होतं.

धापूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चक्कर नाही, काही नाही. त्यांनीच सांगितलं. दुपारी एक बाई दारात आली. डिंगोऱ्याची म्हणाली. चला म्हणाली. तिच्याबरोबर गेलं तर परत येणं नाही, हे त्यांना बघताक्षणीच कळलं होतं. म्हणून त्यांनी पोरांचं निमित्त पुढे केलं.

"तर म्हणाली, एवढंच ना? मी घालते त्यांना जेवायला. आणि गेली."

जागृतीने त्यांचा हात धरून त्या भाजी-भाताचं सांगितलं, आणि म्हणाली, आम्ही तिथे काही खाल्लेलं नाही. कल्पेशनेही मान हलवली. गाडीत रस्ताभर तो हेच सांगत आला होता, चमचा तोंडापर्यंत गेलाच नाही म्हणून.

धापूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी सहज विचारलं,

"भाजी तिखट होती का रे?"

"नाही गं, गोड होती," कल्पेश बोलून गेला.



याला वर्ष उलटलं. धापूबाई आहेत. हिंडतात, फिरतात, देवळात जातात. पण दिवस मावळताना दार वाजलं, तर त्या घरात आता कोणी पटकन उठत नाही.

परवा जागृतीचा फोन आला होता. तिने मला एकच विचारलं.  तुम्हाला उत्तर येत असेल तर सांगा...

एक घास खाल्ला, तर माणूस जेवला असं धरतात का?