चावलेली गोळी

लातूरच्या अडतीवर धोंडप्पा तुरीचा दाणा दातानं फोडून माल कुठला ते सांगायचे. पुढचा एक दात त्यातच अर्धा तुटलेला. त्या दुपारी ते नेहमीसारखे बायकोचा डबा घेऊन कर्करोगाच्या वॉर्डात गेले, एवढंच.

किमोनंतर गौरम्माच्या पोटात घास टिकत नव्हता. तिथं ओकारी थांबवणाऱ्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली.

"कुणाला कोणती, ते आम्हालाही ठाऊक नाही, काका," सुकन्या सिस्टरनं बजावलं होतं. "फक्त अदलाबदल करू नका."

ठाऊक नाही? धोंडप्पांना हसू आलं होतं. नमुना न चाखता सौदा करतं का कुणी?

गौरम्माचा डोळा लागला होता. शेजारच्या खाटेवर उदगीरची जोहराही झोपली होती. सकाळीच खुशीत म्हणाली होती, "सेठ, आज अद्धी रोटी ठैरी पेट में!"

पंखा कुरकुरत होता. फिनेलखालून आंबट वास येत होता. धोंडप्पांनी बायकोची गोळी दातानं तोडली. गोडसर, नुसता खडू. उरलेला नमुना पोत्यात परत टाकावा तशी उरलेली अर्धी त्यांनी सवयीनं तिच्या गोळ्यांच्या डबीत टाकली. मग जोहराची गोळी जिभेला लावली. कडूजहर!

त्यांनी दोघींच्या डब्यांतल्या गोळ्या बदलल्या.

दुसऱ्या दिवशी गौरम्मा भाकरी मागू लागली. जोहराचं ओकारीसाठी ठेवलेलं, काठ चेपलेलं जर्मनचं तसराळं मात्र रिकामं राहीना.

"सेठ... पानी बी नै ठैरता..."

"उन्हाळा हाय, बाई. होतं असं," धोंडप्पा म्हणाले आणि बायकोला वरण वाढू लागले.

आठवड्याच्या आत जोहरा गेली, आणि शेजारची गादी उन्हात पडली.

गौरम्माला ते रेणापूरला घरी घेऊन आले. पहिल्याच दुपारी तिनं घास तोंडात घातला, आणि आतल्या खोलीत कुणीतरी ओकलं.

"कोण हाय आत?"

"कोण असणार? वाढा की, लई भूक लागायलीय."

दुसरा घास. आत पुन्हा तेच, आतडं पिळवटून. धोंडप्पांनी ताट ओढून घेतलं. आतही शांत झालं.

"का हो?" गौरम्माचे डोळे भरले. "माझं खाणं खुपायलंय का तुम्हाला?"

त्यांनी ताट परत सरकवलं. तिनं घाईघाईनं घास घेतला. आत तसराळं खणकन वाजलं.

ते उठून आत गेले. खोलीत कुणी नव्हतं. खाटेशेजारी काठ चेपलेलं जर्मनचं तसराळं होतं. तळाशी थोडं पाणी, आणि त्यात न विरघळलेली अर्धी गोळी. तिच्या कडेला तुटक्या दाताची खाच होती.

"अहो... वाढताय ना?"

"हाव... आलो."

त्यांनी तसराळं पायानं खाटेखाली ढकललं, बाहेर येऊन भाकरी वाढली. गौरम्मा हसली. घास तिनं ओठांशी नेला.

धोंडप्पांच्या तोंडात मात्र गोडसर खडूची चव पसरत होती, आणि तुटक्या दाताच्या फटीत जिभेला काहीतरी बारीक, ओलं टोचत होतं.