गप्प पेशंट आधी

ती त्याला पहिल्यांदा भेटली, तेव्हा त्याचा अंगठा चेचलेला होता आणि तोंडाचा पट्टा मात्र शाबूत होता.

"सिस्टर, मी त्या आजोबांच्या आधी आलोय," तो म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, शर्टावर ग्रीसचे डाग. "ते गप्प बसलेत तर त्यांना आत नेलं. मी मघापासून विव्हळतोय, तर मला हिरवी पट्टी."

कॅज्युअल्टीच्या दारातच तिचं टेबल होतं. आलेल्याला बघायचं आणि मिनिटभरात मनगटाला पट्टी बांधायची. लाल असेल तो लगेच आत, पिवळा थोड्या वेळाने, हिरवा थांबू शकणारा.

"याला ट्रायाज म्हणतात," ती म्हणाली. "आधी कोण आलं ते नाही बघत आम्ही. कुणाला थांबून चालणार नाही, ते बघतो. विव्हळणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढं तरी कळतं. गप्प बसणाऱ्याचीच भीती जास्त."

"म्हणजे मी जितका बोलणार, तितका मागे राहणार?"

"तितके तुम्ही ठणठणीत."

यावर तो दोन तास बोलला. मग ड्रेसिंगच्या निमित्ताने सहा आठवडे येत राहिला... अंगठा तिसऱ्याच आठवड्यात बरा झाला होता. दोघांनाही ते ठाऊक होतं, पण विषय कुणीच काढला नाही.

अशात दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं तिला बोलावणं आलं. तीन वर्षं वाट पाहिलेली नोकरी. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. आणि मिनिटात माणसाचं ठरवणाऱ्या या बाईला एवढंसं ठरवता येईना. लिफ्टवाल्याचा याच्याशी काय संबंध? काहीच नाही. मग पत्र उघडलं की डोळ्यांसमोर तोच का? तिचं तिलाच कळेना.

शुक्रवारी दुपारी तो आला, खुर्चीत बसला आणि काहीच बोलला नाही.

"काय होतंय?"

त्याने नुसती मान हलवली. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम.

तिची पाचावर धारण बसली. तिने त्याला लाल पट्टी बांधली, दोन पिवळ्यांच्या आधी आत नेलं, छातीला वायरी लावल्या. नाडी मोजताना आकडा दोनदा चुकला. डॉक्टर धावत आले. मशीनमधून निघालेला कागद त्यांनी दोनदा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"सिस्टर, याला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

तिचा जीव भांड्यात पडला. मग राग आला.

"मग बोलत का नव्हता?"

"इनचार्ज बाई म्हणाल्या, तुम्ही जाताय." तो छताकडे बघत होता. "काय बोलावं ते सुचेना... अजून सुचत नाहीये."

ती कॉटच्या कडेला बसली.

"मी अजून कळवलं नाही. ती नोकरी मला हवी आहे. आणि... तुम्हीही हवे आहात. आधी काय ठेवू? रोज हेच काम करते मी, तरी कळत नाहीये."

तो ताडकन उठून बसला. वायरी निसटल्या, मशीन कोकलायला लागलं.

"आधी-नंतर कशाला लावताय? होकार कळवून टाका. किती मजली आहे ते हॉस्पिटल?"

"बारा."

"मग लिफ्ट असणारच," तो म्हणाला. "आणि कधीतरी बिघडणारच. मी येतो तिकडे."

मशीन बंद करा म्हणून पडद्यापलीकडून इनचार्ज बाई ओरडत होत्या. तिने एका हाताने फोन काढून होकार कळवला. दुसरा हात मोकळा नव्हता. त्या हातात तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.